नाक्षत्र काळ दाखवणारे चावीचे घड्याळ: कोणते घ्यावे?

गच्चीवरून (धागाकर्ता): पुण्यात गच्चीवर दुर्बीण लावताना नाक्षत्र काळ (ताऱ्यांच्या फिरण्यावरून मोजलेली वेळ) मनगटावरच दिसावा, अशी माझी इच्छा आहे. नाक्षत्र दिवस २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचा असल्याने साधे घड्याळ त्यासाठी उपयोगी पडत नाही. घड्याळ चावीचेच हवे. मर्यादा ३० हजार रुपये.

काटेकोर: व्हॅशरॉन कॉन्स्टंटिन या स्विस कंपनीचे २०१७ चे सेलेस्टिया ३६०० हे घड्याळ पाहावे. इंग्लिश घड्याळजी जॉर्ज डॅनियल्स यांनी तर १९८२ मध्येच आपल्या 'स्पेस ट्रॅव्हलर' या घड्याळात सौर आणि नाक्षत्र अशा दोन्ही वेळा एकाच तबकडीवर मांडल्या होत्या. एकदाच घ्यायचे, तर असे घ्यावे.

दातेमोजणी: यात गूढ काही नाही. ६१ आणि ७३ दात्यांच्या चाकांना ६:५ ची जोड दिली की ३६६:३६५ हे (वर्षातल्या नाक्षत्र आणि सौर दिवसांचे) गुणोत्तर मिळते आणि वर्षाला जेमतेम ५७ सेकंदांची चूक राहते. चावीचे घड्याळ स्वतःच तेवढे आठवड्याभरात चुकते.

जनतावाला: मी वेगळी चाके न बसवता एचएमटी जनताच दिवसाला २३६ सेकंद (नाक्षत्र दिवस २४ तासांपेक्षा तेवढाच लहान) पुढे धावेल अशी लावून घ्यायला गेलो. कारागिराने रेग्युलेटर (गती कमी-जास्त करणारा दांडा) सरकवताना हेअरस्प्रिंगची (आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची) वळणे एकमेकांना चिकटवली आणि घड्याळ रोज वीस मिनिटे पुढे जाऊ लागले. शिवाय १२ तासांच्या तबकडीवर ६ वाजले की १८ यांतला फरक कळत नाही, तो मुद्दा निराळाच.

तारांगण: माझ्याकडे सिटिझनचे कॉस्मोसाइन आहे; त्यातली ताऱ्यांची तबकडी नाक्षत्र गतीने फिरते. ते सेलवर चालते हे मान्य, पण मी फार समाधानी आहे.

काटेकोर: प्रश्न चावीच्या घड्याळाचा आहे. सेलेस्टियाबद्दल मी वर लिहिलेच आहे.

दातेमोजणी: काटे लावताना रेखांश विसरू नये, कारण नाक्षत्र काळ ठिकाणानुसार बदलतो. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि पुणे सुमारे ७३.८५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ ३५ मिनिटांचा फरक पडतो.

गच्चीवरून: सर्वांचे आभार. नवे काहीच घेत नाही. कपाटातले जुने चावीचे घड्याळ दुसऱ्या कारागिराकडून २३६ सेकंद पुढे धावेल असे लावून घेणार आहे. अर्ध्या मिनिटाची चूक म्हणजे आकाशात साडेसात कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), चंद्रबिंबाचा पाव भाग. माझ्या दुर्बिणीला तेवढे चालते. १२ तासांच्या तबकडीचीही अडचण नाही, कारण डोक्यावर मृग आहे की दक्षिणेला वृश्चिकाची नांगी, हे दिसतेच. रेखांशाचे गणितही टळेल: व्याध याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) आला की नाक्षत्र काळ ६ वाजून ४५ मिनिटे असतो, तेव्हा काटे तिथे ठेवीन.

जनतावाला: हेअरस्प्रिंगला हात लावण्यापूर्वी कारागिराला माझा अनुभव अवश्य सांगा.