मदत हवी आहे: ईसीजी वाचायला कसं शिकू?

नमस्कार मंडळी, मी बीडकडच्या एका दवाखान्यात कॅज्युअल्टीला सिस्टर आहे. ईसीजी काढते रोज, पण वाचायचा म्हटलं की हातपाय गळतात. परवा रात्री एक काका छातीत दुखतंय म्हणून आले, १० मिनिटांत ईसीजी व्हायला पाहिजे म्हणून घाईत काढला, तर लीड वन या रेघेत सगळं उलटं अन् एरवी उलटी असणारी एव्हीआरची रेघ सरळ, मी घाबरलेच, मग डॉक्टर म्हणले सिस्टर, उजव्या-डाव्या हाताच्या क्लिपा बदलल्यात. लई लाज वाटली.

छातीवरचे व्ही१, व्ही२ हे इलेक्ट्रोड बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत लावायचे हे पाठ आहे, पण गर्दीत बरगड्या मोजतंय कोण, सगळे अंदाजानं वरच चिकटवतात. टू, थ्री, एव्हीएफ या लीडमध्ये एसटी (ठोक्याच्या उंच टोकानंतरची रेघ) वर गेली की हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक, मग छातीच्या उजवीकडचा व्ही४आर लीड पण काढायचा, इथवर समजतं. एलबीबीबी (हृदयाच्या डाव्या विद्युत वाटेतला अडथळा) दिसला की मात्र डोकं चालत नाही.

तुम्ही कागद हातात आला की आधी काय बघता, रेट (ठोक्यांचा वेग) का रिदम (ठोक्यांची लय)? अन् जुन्या पट्ट्या घेऊन सराव करायचा का? रात्री ड्युटीला एकटीच असते हो, सांगा कुणीतरी.