सिकलसेल (एसएस) असलेल्या भावाचं कॉर्टिसोल हार्मोन कमी आलंय. इंजेक्शनवाली तपासणी कोणी केली आहे का?

नमस्कार मंडळी,

आम्ही गोंदिया जिल्ह्यातले. धाकटा भाऊ 23 वर्षांचा, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलसेल आलेला. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड नियमित चालू आहे. हिमोग्लोबिन कायम साडेसात-आठ, त्याची त्याला सवय आहे.

पण दिवाळीपासून खाटेवरून उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपी 90/60. जेवण जात नाही, वजन पाच किलोनं उतरलं. आणि वरणभातावर वरून मीठ घेतो, जे आधी कधीच नव्हतं. कोणालाही सांगा, उत्तर एकच: "सिकलसेल आहे, थकवा राहणारच." अहो, हिमोग्लोबिन होतं तेवढंच आहे, मग हा नवा थकवा आला कुठून?

शेवटी एका डॉक्टरांनी सकाळी 8 वाजताचं कॉर्टिसोल (बीपी आणि ताकद टिकवणारं, ॲड्रिनल ग्रंथीत बनणारं हार्मोन) करायला लावलं. आलं 4.1. तीनच्या खाली असतं तर कमतरता जवळपास नक्की म्हटली असती, हे मधलं आहे, म्हणून एसीटीएचचं (कॉर्टिसोल बनवायचा हुकूम देणारं पिट्युटरीचं हार्मोन) इंजेक्शन देऊन अर्ध्या तासानं आणि तासानं पुन्हा रक्त घ्यायचं आहे.

कारणं तीन असू शकतात म्हणाले. दुखणं उठतं म्हणून दोन वर्षं जवळजवळ रोज ट्रामाडॉल. अशा औषधांनी मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी मंदावते. पावसाळ्यात गावातल्या डॉक्टरांनी सांध्यांसाठी दोन महिने स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि एकदम बंद केल्या. शिवाय इतक्यांदा रक्त चढवल्यानं साठलेलं लोह. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) 2,400 आहे. मला मात्र त्या मिठाची काळजी वाटते. बिघाड पिट्युटरीत असेल तर मीठ राखणारं अल्डोस्टेरॉन सहसा शाबूत राहतं. मग किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीच गेल्यात का? सोडियम, पोटॅशियम आणि एसीटीएचची पातळी आधीच करून न्यावी का?

दुसरी भीती औषधाची. त्या स्टिरॉइडच्या गोळ्या बंद झाल्या आणि आठवड्यात त्याला इतकं दुखणं उठलं की सहा दिवस ॲडमिट होता. आता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे पुन्हा स्टिरॉइडच, लागलं तर? शरीराची तूट भरण्यापुरता छोटा डोस वेगळा, हे डॉक्टरांनी समजावलंय, तरी ज्यांच्या घरी सिकलसेल असून हे औषध चालू आहे त्यांच्याकडून ऐकायचंय. क्रायसिस (दुखण्याचे झटके) वाढले का? ताप आला की डोस किती वाढवायला सांगितलाय?

बुधवारी पहाटेच्या गाडीनं नागपूरला नेतेय. तिथे ही तपासणी कुठे होते, इंजेक्शन आपल्याला विकत आणावं लागतं का, कोणाला ठाऊक असेल तर त्याआधी सांगा.