आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश रॉक बँडचा २०१८ चा अल्बम कुणाला खरंच आवडला का?

त्यांचा आधीचा अल्बम 'एएम' (२०१३) ऐकून फॅन झालो, मग पाच वर्षं वाट बघितली आणि आलं काय तर 'ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो', गिटार जवळपास गायब, नुसता पियानो आणि गाण्यांत चंद्रावरचं हॉटेल. समीक्षक मात्र खूश, मर्क्युरी प्राइझ या ब्रिटनमधल्या संगीत पुरस्काराच्या यादीतपण गेला. माझंच काही चुकतंय का?

> नाही रे, मीपण दोनदा अर्धवट सोडला होता. रात्री हेडफोन लावून ऐक, बेस काय वाजलाय! बँडचा गायक टर्नर, त्याला तिसाव्या वाढदिवसाला पियानो मिळाला आणि गाणी त्याच्यावरच लिहिली, मग असंच होणार ना.

> पियानो ठीक आहे हो, पण चाल कुठंय? शब्द भारी म्हणून कंटाळा माफ होत नाही.

> ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर होता बरं का. अर्थात, पहिल्या आठवड्यात सगळे 'एएम'च्याच आशेने घेतात :)