प्रतिसाद: फ्रेडी मर्क्युरी, गीतकार म्हणून

'फ्रेडी म्हणजे आवाज आणि रंगमंचावरचा वावर, गाणी बाकीच्यांनी लिहिली' हे वरचं मत मला अजिबात पटलं नाही. तो ज्या ब्रिटिश रॉक बँडचा गायक होता, त्या क्वीनच्या १९८१ च्या 'ग्रेटेस्ट हिट्स' अल्बममध्ये १७ गाणी आहेत, त्यातली १० एकट्या फ्रेडीची!

मी इथे नाशिकला गंगापूर रोडवर मुलांना कीबोर्ड शिकवतो. फ्रेडीचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (१९७५) बसवायला घेतलं की मुलं हमखास एका जागी अडतात. उजवा हात खाली सुरावट धरून असतो आणि डावा त्याच्यावरून पलीकडे जाऊन वरचे स्वर टिपतो. पियानोवर बसून गाणं रचणाऱ्यालाच हे सुचणार. जवळजवळ सहा मिनिटांच्या या गाण्याला ध्रुवपदच नाही, तरी कुठे पकड सुटत नाही. मधला ऑपेराचा भाग तर तिघांनीच गायलाय. फ्रेडी आणि बँडमधले ब्रायन मे व रॉजर टेलर यांनी आपलेच आवाज पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून थरावर थर चढवले, इतके की रेकॉर्डिंगची टेप झिजून आरपार दिसायला लागली.

पाचगणीचा उल्लेख कुणीच कसा केला नाही? जन्म झांझिबारचा (१९४६), पण हा फारुख बलसारा (फ्रेडीचं मूळ नाव) शिकला तिथल्या सेंट पीटर्समध्ये. पियानोचे धडे तिथलेच आणि 'द हेक्टिक्स' हा पहिला बँडही तिथलाच, त्यात तो पियानो वाजवायचा. १९६४ मध्ये झांझिबारमधल्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेलं.