मदत हवी आहे: १९६९च्या बीटलचा हँडब्रेक ढिला, उजव्या केबलला आटेच उरले नाहीत

करवीरकर

नमस्कार मंडळी. गाडी फोक्सवॅगन बीटल, १३००, १२ व्होल्ट, उजव्या हाताचं स्टिअरिंग. मामांची होती, आता माझ्याकडे आहे. इंजिन ठणठणीत, पायाचा ब्रेकही ठीक. दुखणं हँडब्रेकचं.

मागच्या रविवारी आईला घेऊन जोतिबाला गेलो होतो. चढावर गाडी लावली, हँडब्रेक खेचला तो जवळजवळ उभाच राहिला. उतरून आईच्या बाजूचं दार उघडतोय तोवर गाडी सावकाश मागे सरकायला लागली. एका पेढेवाल्याने चाकामागे दगड सारला म्हणून निभावलं. पहिल्या गिअरमध्ये ठेवायला हवी होती, मान्य आहे. चूक माझी.

घरी येऊन लिव्हरचं रबरी बूट वर केलं. दोन्ही केबलची टोकं दिसतात, प्रत्येकावर एक नट आणि तो सुटू नये म्हणून एक चेकनट. उजव्या केबलचा नट आट्यांच्या शेवटापर्यंत गेलाय, आता घट्ट करायला जागाच नाही, तरी केबल बोटाने हलते. डावी तारेसारखी ताठ. लिव्हर नऊ-दहा खटके वर येतो. आणखी एक, ज्याचा याच्याशी संबंध आहे की नाही कळत नाही: दहा-बारा किलोमीटर चालवल्यावर डावं मागचं चाक उजव्यापेक्षा चांगलंच गरम लागतं.

इथल्या मिस्त्रींनी सहा महिन्यांपूर्वी "हँडब्रेक टाईट करून" दिला होता. आता ते म्हणतात केबल ताणली गेलीय, मध्ये कापून क्लॅम्प मारून आखूड करू. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही कळत नाही. केबल बदलायचीच का? घरी जमेल का?

तेलकट हात

कापून क्लॅम्प अजिबात नको. ती केबल गाडीच्या तळाशी मधोमध असलेल्या बोगद्यातल्या नळीतून सरकते, क्लॅम्प नळीच्या तोंडाशी अडकला की ब्रेक लागेल तरी नाही किंवा सुटेल तरी नाही.

पण आधी एक सांगा. सहा महिन्यांपूर्वी मिस्त्रींनी मागची चाकं उचलून ड्रमच्या (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्याच्या) मागून काही केलं होतं, की फक्त आत बसून लिव्हरपाशी पाना फिरवला?

करवीरकर

फक्त आत बसून. पाच मिनिटांचं काम होतं.

तेलकट हात

तिथंच घोळ आहे. ब्रेक लावला की शू आतून ड्रमवर दाबले जातात; शूवरचं घासणारं अस्तर म्हणजे लायनर. ते झिजलं की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. ते अंतर चाकापाशी कमी करायचं असतं. ते न करता लिव्हरपाशी केबल ओढली, की सगळा ढिलेपणा केबलने खायचा आणि आटे संपायचे. केबलचं ॲडजस्टमेंट हे शेवटचं काम, पहिलं नव्हे. बीटलमध्ये तर दोन चाकांना दोन स्वतंत्र केबल, त्यामुळे एक ताठ आणि एक ढिली असा तमाशा होतो. तुमचं डावं चाक गरम होतंय कारण तिकडचे शू हँडब्रेक सोडल्यावरही ड्रमला घासतायत.

असं करा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, गाडी न्यूट्रल, मागचा भाग उचलून स्टँडवर. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका. हँडब्रेक पूर्ण खाली. मग लिव्हरपाशी दोन्ही केबल मुद्दाम ढिल्या करा. चेकनट सोडवताना केबलच्या टोकाला खाच असते, तिच्यात डिसमिस धरून ठेवा. न धरता नट फिरवला तर अख्खी केबल पिळते.

आता चाकामागे बॅकप्लेटवर (ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्यावर) रबरी बुचं दिसतील. १९६८ मॉडेलपासून भोकं तिथं आली, त्याआधी ड्रममधूनच जावं लागे. आत दातेरी चाकती दिसते, प्रत्येक चाकाला दोन, एकेका शूला एक. डिसमिसने एकेक दात सरकवत जा, चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत. दोन चाकत्या एकमेकींच्या उलट फिरतात, तेव्हा पहिल्या प्रयत्नात उलटी फिरवली तर मनावर घेऊ नका. मध्येच पायाचा ब्रेक जोरात एकदा दाबा म्हणजे शू मध्यावर बसतात. मग तीन-चार दात मागे, चाक मोकळं व्हायला हवं. चारही चाकत्यांचं असं झालं की मगच आत या.

लिव्हर दोन खटके वर: चाक जड लागलं पाहिजे, पण हाताने फिरलं पाहिजे. चार खटके: दोन्ही चाकं हाताने हलता कामा नयेत. आणि दोन्हीकडे सारखं. हे जमलं की चेकनट आवळा. यात उजवी केबल सुधारली तर केबल चांगली. नाही सुधारली तर ड्रम उघडा.

चिंचवडचा चक्रम

आमच्या आजोबांच्या फियाटला हँडब्रेक होता का हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. डिकीत विटेचा तुकडा असायचा, त्याला आम्ही पार्किंग ब्रेक म्हणायचो.

तेलकटदादा, ड्रम उघडायला मागचा मोठा नट सोडावा लागतो ना? माझ्या ओळखीच्या एकाने छिन्नी-हातोडीने सोडवला होता, नटाची जिलबी झाली.

तेलकट हात

हो, ३६ मिलिमीटरचा नट, कॉटर पिन काढून. गाडी जमिनीवर, चाकं टेकलेली असतानाच ढिला करायचा, लांब पाइप लावून. बसवताना साधारण ३० किलोग्रॅम-मीटर जोर लागतो, म्हणजे दीड मीटरच्या पाइपच्या टोकाला २० किलो. पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे घेऊ नका, अजून थोडा आवळा.

ड्रम काढण्याआधी दातेरी चाकत्या मागे घ्या, नाहीतर शू ड्रमच्या कडेला अडकतात. आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. पाण्याने भिजवून फडक्याने पुसा, फडकं फेका.

स्टुटगार्टवासी

मी इकडे दर दोन वर्षांनी गाडी तपासणीला नेतो. हँडब्रेक रोलरवर घालून डाव्या-उजव्या चाकाची पकड वेगवेगळी मोजतात. एका वर्षी माझी बीटल तिथंच नापास झाली. कारण अगदी क्षुल्लक निघालं: मागच्या बाजूला केबलचं बाहेरचं कव्हर बॅकप्लेटमध्ये शिरतं तिथं पाणी जाऊन आतली तार गंजली होती. ओढली की जायची, सोडली की परत यायची नाही. करवीरकर, उजव्या बाजूचं ते टोक बघा.

केबल मागवायची झाली तर मॉडेल वर्ष नीट बघा. फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं. सप्टेंबर १९६८ला बनलेली गाडी १९६९ मॉडेल, आणि आरसी बुकात मात्र १९६८ लिहिलेलं असू शकतं. चासी नंबर बघा: ११९ने सुरू होत असेल तर तिसरा आकडा ९ म्हणजे १९६९. केबलची लांबी वर्षांनुसार बदललीय, "बीटलची केबल" एवढंच सांगून मागवली तर हमखास चुकीची येते. मिळायची अडचण नाही. मेक्सिकोत ही गाडी २००३पर्यंत बनत होती.

करवीरकर

धन्यवाद सगळ्यांना. आज दिवसभर यातच होतो.

आरसीत १९६८, चासी नंबर ११९ने सुरू. म्हणजे मामा इतकी वर्षं बरोबर सांगत होते आणि आम्ही त्यांना वेड्यात काढत होतो.

केबल ढिल्या करून चाकापाशी ॲडजस्ट केलं. डावं चाक लगेच मोकळं झालं, आधी ते हाताने फिरवताना खसखस आवाज यायचा. दोन खटके, चार खटके, डावीकडे तंतोतंत. उजवीकडे चार सोडा, सात खटक्यांनाही चाक फिरतंय. म्हणून ड्रम उघडला. नटासाठी शेजारच्यांकडून बोअरिंगचा पाइप आणला, त्याच्यावर मी लोंबकळलो तेव्हा तो हलला.

ऑइल गळती नाही, नशीब. लायनर अर्धं शिल्लक आहे. पण स्टुटगार्टवाले दादा, तुम्ही म्हणालात तेच: केबल बॅकप्लेटमध्ये शिरते तिथं तारेचे निम्मे पदर तुटलेत, उरलेले गंजून फुगलेत. ढिलेपणा तिथला होता, नट बिचारा उगाच बदनाम.

आता प्रश्न: नवी केबल घालताना लिव्हर काढावाच लागतो का? आणि उद्यमनगरात एक जण हुबेहूब बनवून देतो म्हणतोय. घ्यावी का?

तेलकट हात

लिव्हर काढावा लागतो. नट काढा, खालची पिन काढा, लिव्हर वर येतो. त्या वेळी लिव्हरचं बटण दाबू नका. दाबलंत तर आतला दातेरी तुकडा निसटून बोगद्यात पडतो, आणि मग क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल आणि पेट्रोलची नळी यांच्यामधून चुंबक फिरवत बसायचं. मी बसलोय.

जुनी केबल मागून ओढून काढा, नवी मागूनच पुढे ढकला. भरपूर ग्रीस. कव्हर बॅकप्लेटला जिथं क्लिपने धरतात ती क्लिप विसरू नका.

बनवून घेणं वाईट नाही, पण त्याच्या टोकाचं प्रेसिंग कसं आहे ते बघा. ब्रेझिंग करून देणार असेल तर नको, उष्णतेने तार कमकुवत होते. आणि बदलायच्या तर दोन्ही. डावीचं वयही उजवीएवढंच आहे.

करवीरकर

बारा दिवसांनी अपडेट. दोन्ही केबल तयारच मागवल्या. बटण दाबलं नाही (लिव्हरला चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती). चार खटक्यांत दोन्ही चाकं जाम, नटापुढे बोटभर आटे शिल्लक. तीनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा बघितलं, अर्धा फेरा आवळावा लागला.

परवा जोतिबाला त्याच चढावर लावली. पहिला गिअर टाकून, हँडब्रेक ओढून. हलली नाही. पेढेवाल्याचा दगड मात्र अजून पुढच्या डिकीत आहे. आई काढू देत नाही.