सहा वर्षांचा लॅब्रेडॉर तीन महिने शेल्टरमध्ये, घर कसं शोधावं?

पायवाट: पुण्यातल्या एका शेल्टरच्या दाराशी बांधून सोडलेला लॅब्रेडॉर नर आहे, वय अंदाजे ६. माणसांशी अतिशय मायाळू, पण खाताना कोणी जवळ गेलं की गुरगुरतो. नसबंदी झालेली नाही. जाहिरात टाकली की फोन येतात ते ‘आमच्या मादीसाठी हवाय’ नाहीतर ‘फार्महाऊसवर राखणीला हवाय’ असेच. नीट घर मिळायला काय करावं? गुरगुरण्याचं जाहिरातीत लिहावं का?

गोदाकाठ: आधी नसबंदी, मग जाहिरात. पहिल्याच ओळीत ‘नसबंदी झालेली आहे’ असं आलं की मादीवाले फोन करणार नाहीत. ऑपरेशनआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हर-किडनीच्या तपासण्या कराच. गोचीड ताप अंगात मुरलेला असला तर प्लेटलेट कमी असतात आणि टेबलावर रक्त थांबत नाही. तसं निघालं तर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स आधी, साधारण २८ दिवसांचा, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. लशीचं कार्ड नसेल तर लस झालेलीच नाही असं धरून चाला: रेबीज, सोबत डिस्टेंपर-पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारांवरची एकत्र लस, तिचा बूस्टर ३-४ आठवड्यांनी. आणि नसबंदीनंतरही नर काही आठवडे पिल्लं देऊ शकतो, तेवढे दिवस मादीपासून लांब ठेवा.

गुरगुरण्याचं लिहायचंच. लपवलंत तर तो आठवड्यात परत येईल, आणि दुसऱ्यांदा टाकलेल्या कुत्र्याला घर मिळणं फारच कठीण. फोटो जाळीमागचा नको, बाहेर उजेडात, खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा.

सातवा मजला: फोनवरच विचारा: दिवसा घरी कोण असतं, घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं असेल तर घरमालकाची परवानगी लेखी हवी. सोसायटीला मात्र पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत तसं स्पष्ट आहे. घरभेट टाळू नका. गॅलरीला जाळी आहे का, मुख्य दार उघडं राहतं का, लिफ्ट आहे का बघा. लॅब्रेडॉरचे खुबे वयाबरोबर दुखतात, लिफ्टशिवाय चौथा मजला नको. या कुत्र्यासाठी लहान मुलांचं घरही नको, रांगतं मूल थेट ताटलीपाशी जातं. ‘राखणीला’ म्हणणाऱ्यांना स्वच्छ नकार द्या, तिथे बहुतेक वेळा साखळीच नशिबी येते. करारात लिहून घ्या: जमलं नाही तर कुत्रा शेल्टरलाच परत. रस्त्यावर उपाशी टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, हेही तिथेच सांगा.

रानजाई: गुरगुरण्यावरचं काम शेल्टरमध्येच सुरू करा. ताटली काढून घेऊन ‘सवय लावणं’ हा सर्वांत वाईट उपाय, त्याची भीती खरी ठरते. तो खात असताना ६-७ फुटांवरून जाता जाता उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्याकडे टाका आणि न थांबता निघून जा. माणूस जवळ येताना दिसल्यावर तो मान वर करून वाट बघायला लागला, की अंतर अर्ध्या फुटाने कमी. अंग ताठलं किंवा भराभर गिळायला लागला, की पुन्हा मागे. गुरगुरल्यावर ओरडू नका. इशारा देणं दाबलं गेलं तर पुढच्या वेळी तो थेट चावतो.

नव्या घरातून पळून जाण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक. हार्नेसला एक दोरी, गळपट्ट्याला दुसरी, पट्ट्यावर नव्या मालकाचा फोन नंबर. शेल्टरचं खाणं सोबत द्या आणि ७ दिवसांत हळूहळू बदला, नाहीतर हगवण लागते आणि घरचे घाबरतात.

पायवाट: एका घरी आधीची कुत्री आहे. नसबंदी झालेली, वय ८. चालेल का?

रानजाई: चालू शकेल, पण पहिली भेट तिच्या घरात नको. बाहेरच्या रस्त्यावर दोन माणसं, दोन कुत्री, मध्ये ८-१० फूट अंतर ठेवून २० मिनिटं एकाच दिशेने चालवा. दोघं सैल झाली की अंतर कमी करा, मग एकत्रच घरात न्या. ताटल्या वेगळ्या खोल्यांत, दार लावून.