निळा सर्जनफिश 250 लिटरच्या टाकीत ठेवावा का?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): माझ्याकडे चार फूट लांबीची, सुमारे 250 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून तीत क्लाउनफिशची जोडी आहे. दुकानदार दोन इंचांचे निळ्या सर्जनफिशचे पिल्लू देऊ करत आहेत. ते घ्यावे का? पाणी गोव्याहून आणलेले चालेल का?

उत्तर १ (निपाणी): कृपया घेऊ नये. हा मासा पूर्ण वाढल्यावर सुमारे 30 सेंटीमीटरचा होतो आणि प्रवाळखडकांभोवती दिवसभर पोहत राहतो, त्यामुळे सहा फूट लांब आणि 700 लिटरच्या आसपासची टाकी नसेल तर त्याची कोंडी होते. "मोठा झाला की बघू" हा विचार मला माशावर अन्याय करणारा वाटतो, कारण तेव्हा त्याला सामावून घेणारे घर आपल्या भागात सहसा मिळत नाही. शेपटीच्या दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, तेव्हा त्याला हाताने पकडू नये.

उत्तर २ (खानापूर): सहमत आहे. या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फार लवकर जडतो. म्हणून पुढे मोठी टाकी केलीत तरी नवा मासा किमान चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. तांब्याचे औषध तिथेच वापरावे, कारण मुख्य टाकीतील प्रवाळ आणि कोळंबी त्याने मरतात. आहारात रोज वाळवलेले समुद्री शेवाळ हवे. किनाऱ्याजवळच्या पाण्यात प्रदूषण आणि रोगजंतू असू शकतात, शिवाय पावसाळ्यात त्याची क्षारता घटते. त्यापेक्षा आरओच्या पाण्यात समुद्री मीठ मिसळून विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारेपणाचे माप) 1.025 ठेवावे. वीज गेल्यावर प्राणवायू झपाट्याने कमी होतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप आधी घ्यावा.

प्रश्नकर्ते: आपला आभारी आहे. पिल्लू घेत नाही; पंप मात्र याच आठवड्यात घेतो.